कंपनीची ओळख भिंतीवर नसते

न्यू जर्सीत नोकरी करता करता मी आतापर्यंत चार कंपन्या जवळून पाहिल्या. चारही ठिकाणी रिसेप्शनच्या भिंतीवर जवळजवळ तेच शब्द होते : सचोटी, आदर, टीमवर्क, ग्राहक प्रथम. लोगो वेगळे, रंग वेगळे, शब्द मात्र तेच. म्हणून इकडे नव्याने नोकरीला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी सांगतो, भिंत वाचू नका. कंपनीच्या खिशाला चाट बसायची वेळ येते तेव्हा ती कशी वागते, ते बघा.

आपल्याकडे घराण्याची रीत कुणी पाटी लावून सांगत नाही. अवेळी पाहुणा आला की घरात काय होतं, कामाला येणाऱ्या बाईंना चहा कुठल्या कपात मिळतो, यावरून नव्या सुनेला ती चार दिवसांत कळते. कंपनीचंही तसंच आहे.

वेल्स फार्गो या मोठ्या बँकेचीही अशीच मूल्यांची छापील पुस्तिका होती. पण शाखांमधल्या कर्मचाऱ्यांवर खाती वाढवण्याचा इतका दबाव होता, की ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली गेली. 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे 5,300 जणांना कामावरून काढल्याचं बँकेनेच सांगितलं. पुस्तिकेत सचोटी होती, पण शाबासकी मिळत होती ती खात्यांच्या आकड्याला. माणसं पुस्तिका नाही, शाबासकी बघून वागतात.

याउलट उदाहरण जॉन्सन अँड जॉन्सनचं. आपली पहिली जबाबदारी औषध वापरणाऱ्यांशी, भागधारकांचा नंबर शेवटी, असं या कंपनीने 1943 मध्ये लिहून ठेवलं होतं. 1982 मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाईड मिसळलं आणि सात जण दगावले. कंपनीने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. दहा कोटी डॉलरच्या वर खर्च आला, पण लोकांचा विश्वास टिकला. अर्थात, पुढे याच कंपनीवर टाल्कम पावडरवरून हजारो दावे झाले. म्हणजे एकदा कमावलेलं नाव कायमचं पुरत नाही.

हे सगळं अमेरिकेतच शिकायला हवं असंही नाही. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. शिक्षा भोगून आलेल्यांना काम दिलं, वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. 1920 मध्ये सुरू झालेलं 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचं पत्र पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. ब्रँडिंग हा शब्द तेव्हा कुणाच्या कानावरही नव्हता. आधी वागणूक होती, नाव मागून झालं.

आपल्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. एच-वन व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. त्यात घराचं भाडं, मुलांची शाळा, सगळंच लटकतं. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या कंपनीत दर मीटिंगला 'आपण सगळे एक फॅमिली' हे ऐकवलं जायचं. एका सकाळी त्यांचा लॅपटॉप उघडेना. दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर विषय संपला. दुसऱ्या एका छोट्या कंपनीने काम कमी झाल्यावर माणसाला दोन महिने आधी सांगितलं आणि स्वतःच चार ठिकाणी फोन केले. तिथं फॅमिली हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. कर्मचारी कमी करावे लागतात, हे मला मान्य आहे. कसे कमी करायचे, हे मात्र मालकाच्या हातात असतं.

आता आपली बरीच मराठी मंडळी इकडे आणि आखातातही स्वतःचे व्यवसाय उभे करत आहेत. अभिमान वाटतो. त्यांना एकच सुचवावंसं वाटतं. लोगोवर पैसे घालण्याआधी आपल्या ऑफिसात तीन गोष्टी तपासा. नवखा माणूस साहेबाला 'हे चुकतंय' असं म्हणू शकतो का? नोकरी सोडून गेलेले लोक आपल्याबद्दल काय बोलतात? आणि जेवणाच्या टेबलावर सगळे मराठीत गप्पा मारत असताना तो एकटा तेलुगू किंवा मेक्सिकन सहकारी गप्प बसून डबा खातो का? परक्या देशात आपल्याला जे सलतं, तेच आपल्या टेबलावर दुसऱ्याला सलू नये. मराठी माणसाची कंपनी अशी ओळख सांगायची, तर तिथं काम केलेल्या बिगरमराठी माणसानेही ती आनंदाने सांगायला हवी.