नाकातला ‘एमआरएसए’ किती धोक्याचा?

सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असतो, त्रास काहीच नसतो. चिंता आहे ती अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या त्याच्या प्रकाराची, म्हणजे एमआरएसएची. अमेरिकेत २००१ ते २००४ दरम्यान नाकातील नमुने दिलेल्या, चाळिशीपुढच्या नागरिकांच्या ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एमआरएसए आढळलेल्यांपैकी ३५.९ टक्के दगावले, जिवाणू नसलेल्यांपैकी १७.८. थेट दुप्पट? तसं नाही. गरिबी, मधुमेह, हृदयविकार हिशेबात धरल्यावर जोखीम ७५ टक्के जास्त उरते. हेही कमी नाहीच! पण मृत्यू जिवाणूमुळेच झाले, असं यातून सिद्ध होत नाही. नमुनाही एकदाच घेतला होता. धडधाकट माणसाने उगाच तपासणीसाठी धावू नये. काही मोठ्या शस्त्रक्रियांपूर्वी मात्र डॉक्टर नाकाची तपासणी करून मलम देतात.