रांझ्याच्या पाटलाच्या पत्राचा उत्तरार्ध

अत्याचाराची एखादी बातमी आली की समाजमाध्यमांवर रांझ्याचा पाटील हटकून अवतरतो. ‘तसेच हातपाय तोडा!’ भोर तालुक्यातील या गावाला महाराष्ट्राच्या स्मरणात एवढीच जागा उरली आहे. मात्र २८ जानेवारी १६४६ चे शिवरायांचे ते पत्र शिक्षेपाशी संपत नाही.

पाटलाच्या अपराधासाठी पत्रात ‘बदअमल’ हा शब्द येतो. अंमल म्हणजे अधिकार चालविणे. तो वाईट रीतीने चालविणे हा बदअमल. म्हणजे आरोप पदावर बसून केलेल्या कृत्याचा आहे. (कृत्याचा तपशील पत्र देत नाही. तो व्याख्याने आणि चित्रपट पुरवितात.) बाबाजी भिकाजी गुजराचे हातपाय तोडले गेले, पाटीलकी जप्त झाली. आणि मग ती मिळाली कोणाला? गुजर कुळातल्याच सोनजीला. त्याने जायबंदी बाबाजीचा सांभाळ पत्करला, सरकारात होन भरले आणि पाटीलकी पुन्हा त्याच कुळात गेली.

यात शिवरायांना दोष देणे अनैतिहासिक ठरेल. पाटीलकी हे वतन होते. गावाची राखण करणारे पद म्हणजे कुळाची मिळकत. अपराधी हटविता येई, पण पदासाठी पात्रतेची अट घालणारी चौकटच त्या व्यवस्थेत नव्हती.

ती चौकट महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आणली १९६७ मध्ये, म्हणजे ३२१ वर्षांनी! आज रांझ्यात किंवा वेल्ह्यात पोलीस पाटील व्हायचे तर वय २५ ते ४५ हवे, दहावी उत्तीर्ण असावे लागते, गावचा रहिवास लागतो, चारित्र्य तपासले जाते. आडनाव पुरत नाही.

आणि वर्दीतील पोलिसांचे काय? प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली खरी, पण जिल्ह्याच्या जागी ‘विभाग’ घातला. पुणे विभाग म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर. तोरण्याच्या पायथ्याचा तक्रारदार या पाच जिल्ह्यांच्या रांगेत उभा.

हातपाय तोडा म्हणणाऱ्या पोस्टींना तोटा नाही. दुरुस्तीतला ‘जिल्हा’ कोणी आणि का गाळला, हे विचारणारी पोस्ट मात्र शोधावी लागते.