तीन झाडे आणि एक बादली

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ रहिवाशास स्वतःपुरती गांजाची तीन झाडे घरी वाढविण्याची कायद्याने मुभा आहे. ही मुभा इष्ट की अनिष्ट, याचा निर्णय तेथील जनतेने करावा. तेथे राहणाऱ्या मराठी तरुणांपुढे आता प्रश्न उरतो तो साधनाचा. मातीवाचून, खनिजयुक्त पाण्यावर झाड वाढविण्याच्या 'हायड्रोपोनिक्स' विद्येत प्रकार अनेक आहेत आणि दिमाखदार साधनाचा मोह मोठा आहे.

उतरत्या पन्हळीतून पाण्याचा पातळ प्रवाह खेळविणारी पद्धत देखणी खरी. पण पंप थांबला की मुळे पाहता पाहता सुकतात. शिवाय गांजाच्या दांडग्या मुळांनी पन्हळ तुंबते. याउलट, खोल बादलीत मुळे बुडवून पाण्यात हवा सोडण्याची पद्धत तीन झाडांस पुरेशी आहे. वीज गेली तरी काही उसंत मिळते. पाणी गार ठेवावे, त्याचा सामू ५.५ ते ६.५ राखावा आणि झाडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

परंतु ज्याचा मुलगा बर्लिनला आहे, त्याने बेळगावच्या माडीवर त्याचे अनुकरण करू नये! आपल्याकडे १९८५ च्या एन. डी. पी. एस. कायद्यान्वये विनापरवाना गांजाचे एक झाड लावणे हाही गुन्हा असून त्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हौस असेल त्याने त्याच बादलीत पालक लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.