अंक आपल्या घरचे

मी गणिताचा शिक्षक. फळ्यावर उदाहरण लिहिताच काहींचे चेहरे उतरतात. मला वाटते, वर्गात कोंडल्यामुळेच गणित परके वाटते. शहापूरच्या शेतात भाताच्या रोपांच्या ओळी मोजा, गुणाकार समजेल. गणित डोंगरातही आहे. मुरबाडकडून नाणेघाट चढा. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा, सुमारे २००० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. दान दिलेल्या गाईंची व नाण्यांची संख्या त्यात अंकांत कोरली आहे. पुढे भारतीय अंकपद्धती अरबांकडे गेली. ९ व्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने तिच्यावर ग्रंथ लिहिला. म्हणून उर्दू अंक आणि मराठी अंक एकाच घराण्यातले आहेत. मग घरच्यांना का घाबरायचे? उत्तर चुकले तरी चालेल. पण उद्या एक उदाहरण शेतातून शोधून आणा.