बैठकीतले इंटरनेट माजघरात



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वणी तालुक्यातल्या एका गावी मुक्काम पडला. रात्री नऊच्या सुमारास त्या घरची मुलगी मोबाईल हातात धरून गोठ्याच्या कुडाजवळ अंधारात उभी होती. पायात चप्पल नाही, जवळ बॅटरी नाही. विचारले तर अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती. "घरात रेंज लागत नाही साहेब," वडील म्हणाले. आणि बैठकीत इंटरनेटची तार आलेली! ती फक्त संगणकाला जोडलेली.

दिवस साप-विंचवाचे. अर्जापायी लेकरू अंधारात उभे राहावे, इतके हे काम अवघड नाही. त्यासाठी दुसरे कनेक्शनही लागत नाही.

पहिली गोष्ट, तार जिथे येते ती पेटी पाहा. पुष्कळ पेट्यांत वायफाय असतेच, फक्त बंद ठेवलेले असते. ते सुरू करून देण्यास कनेक्शनवाल्याला सांगा. नसेल तर एक वायफाय राउटर आणून त्या पेटीच्या 'लॅन' खोबणीला तारेने जोडावा.

घरात जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो. त्यात 'ॲक्सेस पॉइंट' अशी सोय असल्यास ती निवडा. नसेल तर त्याचा पत्ता पहिल्या पेटीहून वेगळा करा, त्यातले 'डीएचसीपी' बंद करा आणि तार त्याच्याही 'लॅन' खोबणीत लावा. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक मोबाईलला क्रमांक वाटणारा कारभारी. एका घरात दोन कारभारी झाले की गोंधळ ठरलेला.

तार 'कॅट ६' प्रतीची घ्यावी. तिची एक ओढ १०० मीटरपेक्षा लांब नसावी. विजेच्या तारेला चिकटवून नेऊ नये. घरातून गोठ्यापर्यंत मोकळ्यावरून तांब्याची तार ओढू नका. जवळपास वीज कोसळली तर दोन्ही टोकांची यंत्रे जळतात.

आता जागा. राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नका. माणसाच्या डोक्याहून उंच, घराच्या मध्याकडे ठेवा. मातीच्या जाड भिंती लहरी शोषतात आणि टिनपत्रे त्या अडवतात. पुष्कळ राउटरवर दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे लांब जातो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण जवळच्या जवळ. माजघरासाठी पहिला बरा.

पासवर्डाकडे दुर्लक्ष नको. 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' निवडा आणि निदान बारा अक्षरांचा पासवर्ड ठेवा. गावाचे नाव किंवा मोबाईल नंबर ठेवू नका. राउटरच्या आतल्या कारभाराचा मूळ पासवर्डही बदला. आपल्या जोडणीवरून कुणी गैरकाम केले तर चौकशी आपल्या दारी येते. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाची वेगळी सोय असते, ती वापरावी.

आभाळ भरून येताना दिसले की प्लग आणि तार दोन्ही काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नका.

घरात जोडणी फिरली की उपयोग एका अर्जापुरता राहत नाही. 'मेघदूत' ॲपवर हवामानाचा अंदाज आणि पीकसल्ला मराठीत मिळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. फवारणी आज करावी की उद्या, हे माउलीलाही चुलीजवळ बसून पाहता येईल. आजवर मोबाईल बहुधा घरधन्याच्याच खिशात आणि रेंज चावडीवर, अशी गत होती.

त्या घरी एक जुना राउटर माळ्यावर निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि त्या मुलीने मिळून तो जोडला. खर्च आला तो तारेचा. उरलेला अर्ज तिने माजघरात, दिव्याखाली, आईशेजारी बसून भरला.

तुमच्या घरी तार आली असेल तर या आठवड्यात एवढे काम उरकून टाका.