बोल्ट काही सुटेना

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले चार महिने न्यू जर्सीला मुलाकडे होते. परत आल्यापासून नणंदबाईंचे तीन फोन झाले, ‘वहिनी, काय काय पाहिलंत ते लिहा की!’ पाहिलं बरंच काही, पण ते तुम्ही सगळ्यांनी फोटोंत आधीच पाहिलेलं असतं. मला लिहायचंय ते एका बोल्टबद्दल. हसू नका. बी.ए. मराठी झालेली, एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई बोल्टवर काय लिहिणार, असं वाटेल. पण त्या बोल्टनं मला दोन दिवस गॅरेजमध्ये उभं केलं आणि त्यानंतर बरेच दिवस झोपू दिलं नाही.

मुलाची गाडी जुनी आहे. जपानी बनावटीची, सहा सिलिंडरची. १,०५,००० मैल, म्हणजे आपल्या हिशेबानं एक लाख एकोणसत्तर हजार किलोमीटर झाले, तेव्हा तिचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली. हा बेल्ट म्हणजे आतल्या बाजूला दाते असलेला रबरी पट्टा. इंजिनाचा खालचा मुख्य दांडा दोन वेळा फिरला की वरच्या झडपांचा दांडा एकदा फिरला पाहिजे. हा ताल सांभाळायचं काम त्या पट्ट्याचं. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर ताल चुकतो आणि अशा इंजिनात खालून वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या झडपांवर आदळतात. मग पट्ट्याचा खर्च राहतो बाजूला आणि इंजिनच उघडावं लागतं. म्हणून तो तुटायची वाट न बघता मुदतीत बदलायचा.

तिथल्या वर्कशॉपनं बाराशे डॉलर सांगितले. त्यातले निम्म्याहून अधिक मजुरीचे. चिरंजीव म्हणाले, ‘आई, शनिवार-रविवार आहे, मीच करतो.’ तिकडे असं करणारे पुष्कळ. मी मनात म्हटलं, एवढा शिकलेला मुलगा, आता गाडीखाली निजणार! (हे मनातलं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

शनिवारी सकाळी गाडी जॅकनं उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा तिथला पहिला नियम. पुढचं उजवं चाक काढलं. आत एक जाड चक्री दिसायला लागली, ती क्रँक पुली. ती काढल्याशिवाय पट्ट्यावरचं खालचं झाकण निघत नाही. आणि ती धरून ठेवलेली असते मधोमध एका बोल्टनं. त्याचं डोकं एकोणीस मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढं. मुलाच्या पुस्तकात लिहिलं होतं की तो २४५ न्यूटन-मीटर जोरानं आवळायचा. मला काही कळेना. तेव्हा त्यानं सोपं करून सांगितलं, ‘मीटरभर लांब पान्याच्या टोकाला पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं टांगलंस तर जेवढा जोर पडेल तेवढा.’ हा झाला आवळतानाचा हिशेब. सोडवताना गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षांची उष्णता, थंडी, तिकडे रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ, त्यानं धरलेला गंज, हे सगळं त्याच्या बाजूनं उभं असतं.

आधी बॅटरीवरचं इम्पॅक्ट रेंच लावून झालं. टर्रर्र आवाज, हाताला मुंग्या, बोल्ट ढिम्म. मग लांब दांड्याचा पाना. मुलगा जोर लावी तशी पुलीच त्याच्याबरोबर फिरायची. मग कुणाकडून तरी ऐकलेली युक्ती म्हणून सूनबाई आत बसून ब्रेक दाबून राहिली. ऑटोमॅटिक गाडी, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग त्यानं चिडून एक हिसका मारला. गोटी निसटली आणि चार बोटांची सालटं गेली. मी हळद आणायला धावले.

संध्याकाळी शेजारचे आजोबा आले. माझ्याहून मोठे, जन्मभर गाड्या स्वतः दुरुस्त केलेले. ते म्हणाले, पाना बोल्टवर बसवून त्याचा दांडा खाली टेकव आणि स्टार्टर मार, इंजिनच बोल्ट सोडवेल. मुलगा मला म्हणाला, ‘आई, ते सांगतात ते खोटं नाही. या इंजिनाची फिरायची दिशा त्याला जुळते. पण होंडाची कित्येक जुनी इंजिनं उलटी फिरायची. त्यांच्यावर हे केलं तर बोल्ट आणखी आवळेल.’ मी विचारलं, ‘आणि दांडा निसटला तर?’ तो गप्प बसला. लोखंडी दांडा सुटला तर कुणाच्या तोंडावर जाईल याचा नेम नाही. मी म्हटलं, ‘आजची शाळा सुटली. हात धू.’

रात्री त्यानं वाचन केलं. बळ कमी पडत नव्हतं, ते वाया जात होतं, हे त्याच्या लक्षात आलं. चाकाच्या पोकळीतून आत पोचायला त्यानं लांब जोडदांडा लावला होता. इम्पॅक्टचा प्रत्येक ठोका त्या दांड्याच्या पिळात जिरत होता, स्प्रिंगमध्ये जिरावा तसा. आणि पुली दुसऱ्या बाजूनं कुणी धरलेलीच नव्हती. त्या पुलीला मधे षट्कोनी खोबण असते. त्यात बसणारं पन्नास मिलिमीटरचं धरणं मिळतं. ते बसवून त्याचा दांडा खाली अडकवला की पुली जागची हलत नाही.

रविवारी तो स्पेअर पार्टच्या दुकानातून ते घेऊन आला. विकत नाही हं. अनामत ठेवायची, हत्यार न्यायचं, परत केलं की सगळे पैसे परत. मला तर वाचनालयच आठवलं. मुलगा म्हणाला, खरोखरच्या वाचनालयातही मिळतात. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७९ पासून पुस्तकांसारखी हत्यारं घरी न्यायला देतात. करवत, पहार, शिडी, सगळं.

मग धरणं बसवलं. जोडदांडा वाकडा होऊ नये म्हणून त्याच्या टोकाखाली दुसरा स्टँड टेकू म्हणून ठेवला. पान्याच्या मुठीवर पाच फुटी लोखंडी पाइप चढवला. मला लांब उभं राहून बॅटरी धरायला सांगितलं. त्यानं हिसका न मारता, सावकाश, अंगाचा भार टाकत पाइप खाली दाबला. काड्कन आवाज झाला. मला वाटलं, मोडलं काहीतरी! पण मोडलं नव्हतं, बोल्ट सुटला होता. त्यानंतर तो दोन बोटांनी फिरत बाहेर आला. बेल्ट बदलून झाल्यावर बोल्ट परत बसवताना मात्र त्यानं अंदाजपंचे काम केलं नाही. मापाचा पाना आणला होता. तो बोल्ट सैल राहिला तर पुली डगमगते आणि दांड्याची खाच खराब होते म्हणे.

तर मंडळी, तरफ, टेकू, भार, बल. हे शब्द मीही सातवीत पाठ केले होते. व्याख्येला पैकीच्या पैकी मार्क होते. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा तरफ काम करताना अशी समोर उभी राहून पाहिली. म्हणजे घरातली पहार पाहिली होती हो, पण ती गडीमाणसाच्या हातात. आमच्या हातात पुस्तक.

इथे मला माझं मत मांडायचं आहे. हाताचं काम हलकं, हे आपल्या मुलांना रस्त्यावर कुणी शिकवलं नाही. ते आम्ही शिक्षकांनी वर्गात शिकवलं. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. माझी प्राथमिक शाळा त्याच वळणाची होती, आम्ही टकळीवर सूत काढलेलं आहे. मग १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं ‘कार्यानुभव’ सुचवला. तो वेळापत्रकात आला आणि आम्ही त्याचं काय केलं? कागदाची फुलं आणि खडू. एरवी तो तास गणिताच्या बाई मागून घ्यायच्या, नाहीतर मी व्याकरणाला वापरायचे. श्रेणी मात्र सगळ्यांना ‘अ’. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला पाठवावं असं म्हटलंय. छानच आहे. पण ते दहा दिवस सहलीसारखे जाऊ नयेत म्हणून आधी शिक्षकांचं मन बदलायला हवं. कुणी कुठलं काम करायचं हे जन्मावरून ठरवणाऱ्या समाजात हाताच्या कामाची लाज फार खोलवर बसलेली आहे. तिचा गंज त्या बोल्टपेक्षा कितीतरी जुना आहे.

कुणी म्हणेल, बाई, अमेरिकेत मजुरी महाग म्हणून ते करतात, त्यात कसलं आलंय तत्त्व? बरोबर आहे. इथे आपल्याकडे प्रत्येकानं आपली गाडी स्वतः उघडावी असं माझं म्हणणं नाही. कित्येकांची पोटं त्या कामावर आहेत. पण ज्यानं एकदा स्वतः बोटं सोलून घेतली तो मेकॅनिकला ‘दोन बोल्ट काढायचे एवढे पैसे?’ असं विचारणार नाही. मला एवढंच हवंय.

आता ते मनातलं वाक्य. नव्वदीच्या सुरुवातीला नववीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. निबंध म्हटला की चार ओळी, त्यातही शुद्धलेखनाच्या सात चुका. शाळेची पाण्याची मोटर बंद पडली की शिपाई त्यालाच बोलवायचा, आणि ती चालू व्हायची. एकदा पेपर वाटताना मी भर वर्गात म्हटलं, ‘असाच राहिलास तर गॅरेजमध्ये पाने उचलशील.’ वर्ग हसला. तोही हसला. दहावीला तो नापास झाला आणि खरंच गॅरेजमध्ये लागला. पुढे हायवेच्या कडेला त्याचं स्वतःचं गॅरेज झालं. मी त्या पाटीवरून शेकडो वेळा एसटीनं गेले असेन. आमची गाडी मात्र आम्ही नेहमी दुसरीकडे टाकली. का, ते मला ठाऊक होतं.

या वेळी परत आल्यावर गेले. त्यानं ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. बोलायला काही सुचेना म्हणून मी बोल्टची गोष्ट सांगायला घेतली. पाना लावला की पुलीच फिरायची, इथवर आले तर तो मधेच म्हणाला, ‘बाई, पुली धरली नसेल त्यांनी.’ माझ्या मुलाला एक दिवस, चार बोटांची सालटं आणि रात्रभराचं वाचन लागलं होतं. याला अर्धं वाक्य पुरलं.

मग मी ते वर्गातलं वाक्य काढलं. म्हटलं, ‘अरे, मी चुकले होते.’ तो हाताचं ग्रीस फडक्याला पुसत राहिला. म्हणाला, ‘बाई, तेव्हा सगळेच म्हणायचे.’ आणि जरा थांबून म्हणाला, ‘मीपण पोराला तेच म्हणतो. अभ्यास कर, नाहीतर पाने उचलावे लागतील.’

यावर मला काही बोलता आलं नाही. चहा पिऊन उठले. क्षमा मागून मोकळं व्हायला गेले होते, तसं काही झालं नाही. पस्तीस वर्षांपूर्वी मी जे आवळलं ते आता त्याच्याच घरात घट्ट बसलंय. एका भेटीत ते सुटणार नाही.

पुढच्या आठवड्यात आमची गाडी सर्व्हिसिंगला त्याच्याकडे टाकते आहे. मुलालाही सुट्टीच्या दिवशी बोलवायला सांगितलंय. त्याला विचारायचंय की बापाला कळलं ते त्याला कळतं का. आणि नातेवाईक मंडळींनो, तुमच्या घरात ते वाक्य कोण म्हणतं, जरा कान देऊन ऐका. आमच्या घरात ते मी म्हणत होते.