आमच्या कादंबऱ्यांतला सावकार

आमच्या ग्रामीण कादंबऱ्यांतला सावकार मला आता दुरूनच ओळखू येतो. दार उघडण्यापूर्वी त्याच्या मिशा आत येतात. मग पानाची पिंक, बोटातल्या अंगठ्या, कर्जदाराच्या बायकोवरची नजर. शेवटच्या प्रकरणात तो कुऱ्हाडीने मरतो किंवा त्याला वेड लागते. वाचकाला बरे वाटते. लेखकाला त्याहून बरे वाटते. माझे म्हणणे असे की, हा सावकार आम्ही शेतकऱ्याच्या कैवारापोटी नव्हे, आळसापोटी निर्माण केला आहे. आणि या आरोपाच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा आहे.

माझ्या पहिल्या कादंबरीत असाच एक मिशाळ सावकार होता. ज्या परभणीत बी. रघुनाथांनी सरकारी कारकुनी करता करता कथा-कादंबऱ्या लिहिल्या, त्या जिल्ह्यातला मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पुस्तक छापून आल्याचाच मला कोण आनंद! एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ते पोराकडून वाचून घेतले. सावकारीत त्यांची दोन एकर काळी जमीन गेलेली. मला वाटले, आता हे गहिवरतील. ते म्हणाले, "गुरुजी, असा मानूस आसता तर आम्ही त्याच्या दाराला गेलोच कशाला आसतो?"

मग त्यांनी सांगितले. मुलगी बाळंतपणात अडली, ती रात्र. भाऊबंदांनी दारे लावून घेतली. या माणसाने जीप काढली, तालुक्याला नेले, वर पैसे हातावर ठेवले आणि चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. पेरणीला बियाणे-खतही दिले. तिसऱ्या वर्षी मात्र 'विश्वासापुरते' म्हणून खरेदीखत करून घेतले. कागदावर कर्ज नाही, व्याज नाही. राजीखुशीची विक्री तेवढी आहे. पैसे फेडले की जमीन परत, हा करार फक्त तोंडी. २०१४ च्या सावकारी कायद्याने असे व्यवहार तपासून जमीन परत देण्याची सोय केली आहे. पण ज्याने मुलगी वाचवली, त्याच्याविरुद्ध अर्ज लिहिताना हात कापतो. "मानूस वाईट नव्हता," असे ते अजून म्हणतात. माझ्या तीनशे पानांत या एका वाक्याइतके बळ नव्हते.

जुन्यांना हे कळत होते. 'एकच प्याला'तला तळीराम १९१९ पासून प्रेक्षकांना हसवतो आहे आणि हसवता हसवताच एका संसाराचा घास घेतो आहे. 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) शिवाजी सावंतांनी दुर्योधनाला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. 'सामना' (१९७५) आठवा. तेंडुलकरांनी लिहिलेला आणि निळू फुल्यांनी उभा केलेला हिंदुराव त्या दारुड्या मास्तराला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, जीव लावतो. म्हणूनच त्याची भीती वाटते. तो आपल्यालाही जेवायला बोलावील आणि आपण जाऊ!

कोणी म्हणेल, खलनायकाला माणूस केले की त्याचे पाप धुतले जाते. मग नागवल्या गेलेल्याची बाजू कोणी घ्यावयाची? मला अनुभव उलट आला. माझ्या कादंबरीच्या दहा प्रती कोणी विकत घेतल्या असतील? त्याच सावकाराने. शाळेच्या बक्षीससमारंभात त्याने त्या मुलांना वाटल्या आणि माझी पाठ थोपटून म्हणाला, "गुरुजी, त्या लोकांना चांगले झोडपलेत." *त्या लोकांना!* माझ्या पुस्तकाच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला नव्हता, कारण त्याला मिशा नाहीत. तो माळकरी आहे, वारी चुकवीत नाही. मी नसतो तर याची मुलगी गेली असती, शेत पडीक राहिले असते, असे तो मनापासून मानतो. आणि त्यातले अर्धे खरे आहे. या अर्ध्या खऱ्याला जो लेखक भितो, त्याने खलनायक रंगवू नये. त्याची बाजू अशी मांडावी की वाचकाची मान क्षणभर डोलावी. मग सातबारा पुढे ठेवावा. मान डोलल्याची जी लाज वाटेल, ती कोणत्याही कुऱ्हाडीने वाटावयाची नाही.

मिशाळ सावकाराने आमची आणखी एक सोय केली आहे. सगळे पाप त्या एकाच्या पदरात घातले की गाव सुटते. दारे लावून घेणारे भाऊबंद सुटतात, अडल्या वेळी न मिळणारे कर्ज सुटते, आणि कागदावर सही करणारे साक्षीदारही सुटतात.

त्या खरेदीखतावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यांतली एक माझी आहे. "गुरुजी, तुमची सही असली म्हणजे दोघांनाही विश्वास," असे तो म्हणाला होता, आणि मला तो माझा मान वाटला होता. कादंबरीत मी त्या साक्षीदाराला कोठेच घातले नाही. आता दुसरी लिहितो आहे. पण तिच्याआधी त्या वडिलांचा अर्ज लिहावयाचा आहे. साक्षीला माझे नाव घालतो आहे.